तिसरा रकाना

कुबलबाई फोन लावायच्या तेव्हा पलीकडच्याचं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत त्यांचं अख्खं वाक्य बाहेर पडलेलं असे. "शहासाहेब आहेत का, नसले तर कधी येतील, आणि यायचेच नसले तर निरोप कुणापाशी ठेवू?" पलीकडचा गांगरायचा. तीन प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं हे त्याला कळायचं नाही. आमच्या ऑफिसात सगळे याची नक्कल करत आणि सगळ्यांत हुबेहूब मी करत असे. एकदा त्या मागे उभ्या असतानाच माझी नक्कल रंगात आली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मंजिरी, 'यायचेच नसले तर' हे जरा हळू म्हण. ते लोकांना लवकर समजत नाही."

ऑफिस दादरला, एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर. सहा टेबलं आणि एक एसी, ज्याची हवा मालकांच्या टेबलापाशी येऊन थांबे. मी गिरगावातून कॉम्प्युटरची नवी कोरी पदविका घेऊन तिथे चिकटले होते आणि जावा येते म्हणून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. कुबलबाई, म्हणजे शालन कुबल, पंचेचाळिशीच्या. इस्त्रीची सुती साडी, ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, आणि त्या बांगड्यांचा कीबोर्डवर सतत होणारा आवाज. काळाचौकीला सासूबरोबर राहत. नवरा आखातात असावा अशी आमची समजूत होती. ती कुणी करून दिली होती कुणास ठाऊक.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले. हसण्यासारखं आहे ते सांगून झालं की एका यादीपाशी यावंच लागतं. त्या यादीतून त्यांच्या नवऱ्याचं नाव मी घालवलं. मुद्दाम नाही, पण घालवलं मीच.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझा प्रोग्रॅम आपटला. एका वाचनालयासाठी सभासदांची यादी छापायची होती: सभासदाचं नाव, आणि त्याने नेलेल्या पुस्तकाचं नाव. दहा-बारा नावं झाली आणि काम ठप्प. पडद्यावर लालभडक इंग्रजी. एका सभासदाने पुस्तकच नेलं नव्हतं, आणि माझा प्रोग्रॅम त्या नसलेल्या पुस्तकाला त्याचं नाव विचारायला गेला होता. कुबलबाईंनी खुर्ची ओढली.

"तुझ्या हातात चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर पत्ता. त्या पत्त्यावर जायचं, दार वाजवायचं, आत जो असेल त्याला नाव विचारायचं. बरोबर? आता ही चिठ्ठी कोरी आहे. कोरी चिठ्ठी घेऊन निघालीस. दार कुठलं वाजवणार?"

कोऱ्या चिठ्ठीला आमच्या भाषेत नल म्हणतात. मी म्हटलं, "मग आधी बघते चिठ्ठी कोरी आहे का. कोरी नसेल तरच जायचं."

"ते बघशीलच. कोरी असली तर काय करायचं ते सांग."

"काही नाही करायचं. सोडून द्यायचं."

"सोडून द्यायचं हे कुणी ठरवलं? तू की वाचनालयाने?"

मला वाटलं, बाई जरा अतीच करतात. त्यांनी तिथल्या तिथे ग्रंथपालांना फोन लावला, नेहमीच्या चालीवर. तेव्हा कळलं की पुस्तक न नेणारे सभासदच त्यांना आधी हवे होते, कारण त्यांना घरी जाऊन भेटायचं असं कमिटीत ठरलं होतं. मी सोडून देणार होते ती नावं यादीतली सगळ्यांत कामाची नावं होती. मी मान खाली घालून दुरुस्ती केली आणि आठ दिवसांत विसरले.

माझ्या पलीकडच्या टेबलावरचा प्रशांत वेगळ्या वाटेने फसला. प्रभादेवीच्या एका सोसायटीचं काम होतं. बंद घरांना राहणारा माणूस नाही, म्हणून त्याचाही प्रोग्रॅम पडे. त्याने डोकं चालवलं आणि प्रत्येक बंद घरात 'श्री. अबक' नावाचा एक माणूस राहायला घातला. प्रोग्रॅम लोण्यासारखा चालू लागला. गणपतीत सोसायटीने पूजेची निमंत्रणं छापली तेव्हा सहा पाकिटं श्री. अबक यांच्या नावाने निघाली आणि तिथला वॉचमन दोन दिवस प्रत्येक मजल्यावर अबकसाहेबांची चौकशी करत हिंडला. आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत.

"बंद घराला बंद म्हण," त्या प्रशांतला म्हणाल्या. "तिथे खोटा माणूस बसवू नकोस. उद्या खरा आला तर त्याला काय सांगशील, जागा भरली म्हणून?"

तेव्हा मला ते नुसतं कामाचं बोलणं वाटलं होतं.

हे सगळं त्या जावात शिकल्या नव्हत्या. गिरणी संपाच्या आधी त्या परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसला कारकून होत्या, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या खोलीत. गिरणी बंद पडल्यावर टायपिंग, मग पंचिंग, मग कॉम्प्युटर असं करत त्या इथवर आल्या होत्या. डबा खाताना त्या कधीकधी तिथल्या हजेरीच्या मस्टरबद्दल सांगत. प्रत्येक कामगारापुढे दिवसाचा एक चौकोन. हजर, गैरहजर, रजा, काय असेल ते त्यात लिहायचं. कोरा चौकोन म्हणजे गैरहजर नव्हे. कोरा म्हणजे अजून कुणी विचारलेलं नाही. पाळी सुटेपर्यंत चौकोन कोरा राहिला तर बोलणी हजेरी घेणाऱ्याला बसत, कामगाराला नाही.

आणि बदली कामगार. त्यांना कायमची जागा नसे. बदलीचं कार्ड घेऊन रोज गेटवर यायचं, कुणी कायमवाला आला नसेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी. आज कापड विणायच्या साचाखात्यात, उद्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीखात्यात. स्वतःचं असं खातं नाही. वर्षानुवर्षं गिरणीत राबलेल्या बदलीवाल्याच्या कार्डावर खात्याची जागा कोरी असायची.

"त्यातला एकजण रोज खिडकीपाशी येऊन विचारायचा, आज आसा काय? मी वर न बघता सांगायची, साचाखातं, नायतर कांडीखातं, नायतर नाही. दीड वर्ष आमचं एवढंच बोलणं," बाई म्हणाल्या आणि डब्यातला बोंबील माझ्या पोळीवर ठेवला. "मग लग्न झालं."

संपाला वीसेक वर्षं होत आली असताना त्याच गिरणीच्या कामगारांची समिती आमच्याकडे आली. गिरणीच्या जागेवर कामगारांना घरं द्यायची बोलणी सुरू होती, आणि त्यासाठी कोण कोण कामाला होतं याची यादी सरकारी कचेरीत द्यायची होती. समितीचे राणेकाका लालबागहून पिशव्या भरभरून जुनी कार्डं आणत. काम माझ्याकडे आलं आणि देखरेख बाईंकडे. यादी घरांसाठी होती, पण बाईंना त्यात घर दिसत नव्हतं. त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "कायमवाल्यांकडे पन्नास कागद असतील. बदलीवाल्याकडे एक कार्ड, तेही उंदरांनी खाल्लेलं. यादीत आला तर तो गिरणीत होता. नाही आला तर नव्हताच."

राणेकाकांच्या नमुन्यात नावापुढे दोन रकाने होते, हयात आणि मयत. बाईंनी विचारलं, "आणि माहीत नसलं तर?"

"असां कसां माहीत नसतलां? घरच्यांका विचारायचां."

"घरच्यांनाच माहीत नसलं तर?"

राणेकाका हसायच्या बेतात होते. बाई यादी वाचतात तशा आवाजात म्हणाल्या, "मोहन कुबल. बदली. संपाच्या दुसऱ्या वर्षी सुरतेला मागावर काम मिळतंय म्हणून गेले. तिथून दोन पत्रं आली. नंतर नाही. मी दोनदा जाऊन आले. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. दीर म्हणतो, मयत लिही आणि मोकळी हो. सासू म्हणते, माझो झील जिवंत आसा. मी दोघांनाही हो म्हणत नाही. मला माहीत नाही."

आखात आम्ही मनातल्या मनात पुसून टाकलं. राणेकाकांनी नमुन्याचा कागद बाईंपुढे सरकवला आणि म्हणाले, "घाला बाई तिसरो रकानो. यादी आमची आसा. कचेरीवाले इचारतीत तेवा बघू."

तो तिसरा रकाना मी केला: माहीत नाही. तो छापून पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा बाईंनी कागद बराच वेळ हातात धरला. त्यांना हवं होतं ते एवढंच होतं. नवऱ्याचं नाव यादीत यावं, आणि त्याच्यापुढे जे खरं आहे तेच लिहिलेलं असावं.

यादी द्यायच्या दोन दिवस आधी सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाई जाताना सांगून गेल्या, "बदलीवाल्यांची कार्डं अजून कॉम्प्युटरवर भरायची आहेत. त्यांना खातं नाही, तिथे काय छापायचं ते मी अजून बघितलेलं नाही. छापण्याआधी हॉस्पिटलात फोन कर. मी नसले तर वॉर्डातल्या सिस्टरकडे निरोप ठेव."

प्रशांतने कार्डं भरून दिली. मी छपाई सुरू केली. पहिल्या बदलीवाल्यावर काम ठप्प, तेच लालभडक इंग्रजी. खाली राणेकाका टॅक्सी थांबवून बसलेले, कारण कचेरी पाचला बंद होणार. मी फोनकडे बघितलं. म्हातारीचं ऑपरेशन, बाईंना कशाला छळायचं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं हे की मला स्वतःच्या हिमतीवर काम उरकून दाखवायचं होतं. एक ओळ लिहिली: खातं नसेल तर पुढच्या नावावर जा. प्रिंटर सरसर चालला. शेवटचं पान निघालं तेव्हा मी प्रशांतला टाळी दिली. गठ्ठा न्यायला वर आलेले राणेकाका म्हणाले, "पोरी, गुणाची गो तू."

नवव्या दिवशी एक वाकलेला माणूस आमचा जिना चढून आला. गुणाजी त्याचं नाव. समितीच्या खोलीबाहेर यादी चिकटवली होती, ती त्याने नातीकडून दोनदा वाचून घेतली होती. "माजा नाव नाय गावला," तो म्हणाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून बदलीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तक्रारीचा सूर नव्हता. आपल्याच बघण्यात चूक झाली असेल, अशा समजुतीने तो आला होता.

बाईंनी कार्ड बघितलं. मग यादी मागवली आणि कार्डांचा गठ्ठा शेजारी ठेवून एकेक नाव लावत गेल्या. चौथ्या कार्डाला त्यांना समजलं. पुढची कार्डं त्यांनी तरीही लावली, सगळी. मोहन कुबलांचं आलं तेव्हाही हात थांबला नाही. बदलीवाला एकही यादीत नव्हता. मग माझ्या मशीनपाशी येऊन त्यांनी ती ओळ शोधली.

"मॅडम, तो बंद पडत होता," मी म्हटलं.

"पडू द्यायचा होतास. पडला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का पडला."

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला रडता आलं असतं.

कचेरीने सांगितलं की राहिलेली नावं घेता येतील, पंधरा दिवसांची मुदत आहे. मात्र आता यादी चालणार नाही. प्रत्येक कामगाराने कचेरीच्या छापील अर्जावर स्वतः सही करायची. तो मयत असेल तर वारसाने प्रतिज्ञापत्र जोडायचं. कचेरीच्या अर्जावर रकाने दोनच होते.

त्याचा अर्थ माझ्या लक्षात यायला रात्र जावी लागली. पहिल्याच यादीत मोहन कुबल तिसऱ्या रकान्यातून गेले असते. आता स्वतः येऊन सही करायला ते नव्हते, आणि दुसरा रस्ता बाईंनी वीस वर्षं नाकारला होता. त्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांना मी आणून उभं केलं होतं. सकाळी मी माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, "आधी गुणाजींचा अर्ज भर. त्यांना लिहिता येत नाही."

ते दोन आठवडे आम्ही ऑफिस सुटलं की लालबाग, परळ, शिवडी पालथं घातलं. बाई दारात उभ्या राहून विचारत, अमुक आहेत का, नसले तर कुठे असतात. कुणी अंथरुणाला खिळलेला, कुणी गावी गेलेला, कुणाचा फोटो भिंतीवर. बाई प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा घेत. हरवलेला असा एकच होता. बदलीवाल्यांचे अर्ज भरत आले तसतशी त्यांच्या टेबलाच्या खणातली एक पांढरी पाकीटवजा घडी माझ्या नजरेला खुपू लागली. दिराने प्रतिज्ञापत्र तयार करून आणून दिलं होतं. सही तेवढी राहिली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज मोजून घेतले, शिक्के मारले. मग म्हणाला, "झाले सगळे?"

बाईंनी पर्समधून घडी काढली. "यात मला 'माहीत नाही' असं लिहायचंय. खाली सही करते. चौकशी तुम्ही करा."

"बाई, तसा अर्ज घेताच येत नाही मला. आत विचारू का?" माणूस भला होता. आत जाऊन आला आणि नुसती मान हलवली.

बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मागे रांग होती. मी हळूच म्हटलं, "मॅडम, नका देऊ. राहू दे."

"नाही दिला तर तो गिरणीत होता हेच उरत नाही," त्या म्हणाल्या. "निदान मेलेला तरी असू दे यादीत."

मयतच्या चौकोनात त्यांनी खूण केली. कारकुनाने त्यांच्या कपाळाकडे, बांगड्यांकडे बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि शिक्का मारला. बाईंनी पोच मागून घेतली आणि तिच्यावरचं नाव बरोबर लिहिलंय का ते तपासलं.

महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. निरोपाचा समोसा, मालकांचं दोन मिनिटांचं भाषण, सगळं झालं. पण माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन त्या दुपारचंच आहे. कचेरीच्या जिन्यावर त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर घरी. आई विचारतील. आज मला एकटीला नाही जमायचं."

काळाचौकीची ती खोली, दुसरा मजला. म्हातारी खाटेवर बसलेली, ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. "कोण गो ता?" तिने पावलांच्या आवाजावरून विचारलं.

"ऑफिसातली मंजिरी, आई."

"ती यादीवाली? ये गो, बस." तिने हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं. "माज्या मोहनाचा नाव इला काय यादीत?"

मी बाईंकडे बघितलं. त्या आमच्याकडे पाठ करून गॅसवर चहाचं आधण ठेवत होत्या. वळल्या नाहीत.

"आलं, आजी," मी म्हटलं.

म्हातारीची पकड सैल झाली. चष्म्याखालून पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. "मगे झाला. सरकारान नाव लिवल्यान म्हणजे खंयतरी आसा तो. मी सांगी होतंय हिका. शालन, चायत साकर घाल गो बरी आज."

बाईंनी साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि तो भरलेला चमचा धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हातारी बोलत होती, तो आला की त्याला कुठे झोपायला घालायचं, त्याचं अंथरूण माळ्यावर आहे ते उन्हात टाकायला हवं. चहा वर आला, उतू गेला, बर्नरवर सांडून चरचरला. शेवटी उठून गॅस मीच बंद केला.